ताटीबाहेरची मुक्ताई



आदिशक्ती श्रीमुक्ताबाईंची पालखी दरवर्षी ज्येष्ठात तापीतीरावरून निघते. मलकापूर, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा असे मुक्काम करीत ती आमच्या जालन्यात उतरते. पुढे अंबड, वडीगोद्री करून शहागडापाशी गोदामाय ओलांडते आणि बीडच्या वाटेला लागते. आमच्या जिल्ह्याच्या अंगावरून मुक्ताई चालत जाते, हे आमचे केवढे भाग्य! त्या दिवसांत घरोघर भाकरी थापल्या जातात, पिठले शिजते, आणि जिला पंढरी घडणे नाही अशी बाईसुद्धा चार पावले पालखीबरोबर चालून येते.

दोन वर्षांमागे असाच मुक्काम होता. सेवा आमच्याकडे होती. कीर्तनास आम्ही ताटीचाच प्रसंग घेतला होता. ज्ञानोबाराय रुसून पर्णकुटीत बसले, ताटी लावून घेतली, आणि धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून ती उघडवली. प्रसंग असा आहे की वीणेकऱ्याच्याही डोळ्यांना पाणी येते. आरती झाली, बुक्का लावून मंडळी उठली, आणि एक बाई पदर सावरीत जवळ आली. पस्तिशीची असेल. म्हणाली, "महाराज, आमच्या मालकानं दोन महिने झाले, अशीच ताटी लावून घेतलीय. वावरात जात नाहीत, जेवत नाहीत धड, बोलत नाहीत. लेकरू जवळ गेलं तर भिंतीकडं तोंड करतात. मुक्ताईला ताटी उघडता आली. मला सांगा, मी काय म्हणू?"

चाळीस वर्षे कीर्तन करतो आहोत. पाठशाळेत काव्य, व्याकरण, थोडा न्याय झाला. शब्दाला शब्द लावण्यात आमचा हात कोणी धरावा असे नाही. पण त्या बाईपुढे आमची जीभ टाळ्याला चिकटली. कारण त्या प्रसंगाचा आम्ही रस काढला होता. त्यात कोणा खऱ्या घराचे दार असू शकते, हे आम्ही विसरलोच होतो. त्या दिवशी तिला जे सांगायला हवे होते, ते येथे लिहितो आहोत. ताटीचे अभंग आपणा सर्वांस मुखोद्गत आहेत. ते पुन्हा लिहून जागा अडवीत नाही. पाहायचे आहे ते मुक्ताई उभी कशी राहिली, एवढेच.

प्रथम हे ध्यानात घ्या की आत बसला आहे तो कोण. ज्याने शके १२१२ मध्ये नेवाशास गीता मराठीत आणली, तो हा ज्ञानदेव. आणि तो दुखावला गेला. गावात कोणीतरी टाकून बोलले, संन्याशाचे पोर म्हणून हिणवले, आणि ते काळजात रुतले. आता कोणी म्हणेल, ज्ञानियांचा राजा आणि त्याला निंदा लागते? लागली बाबा! माणसाच्या देहात आले म्हणजे लागते. ती चारही लेकरे कुठल्या आगीतून आली होती ते आठवा. आपेगावचे विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीस गेले. इकडे आळंदीस रुक्मिणीबाई अश्वत्थाला प्रदक्षिणा घालीत राहिल्या. श्रीपादस्वामींना खरी गोष्ट कळली, तेव्हा त्यांनी शिष्याला परत घरी पाठवला. पुढे चार रत्ने जन्मली, आणि समाजाने त्या कुटुंबाला वाळीत टाकले. देहान्त प्रायश्चित्त सांगितले. आईबापांनी ते घेतले. थोरल्यापासून धाकटीपर्यंत चार पोरकी लेकरे उरली. परंपरेने मुक्ताईचा जन्म शके १२०१ चा मानतात, म्हणजे ज्ञानोबांहून ती चार वर्षांनी लहान.

असे ज्याचे बाळपण, त्याला एखादे वेळी जग नकोसे वाटले, तर ती भक्तीतली उणीव म्हणायची काय? आम्ही म्हणणार नाही. एके काळी म्हणत होतो, आणि त्याचेच सांगणे आहे.

२०१२-१३ सालचा दुष्काळ आपल्याकडच्या कोणाला विसरता येणार नाही. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वीस-वीस वर्षे लेकरासारखी जपलेली झाडे लोकांनी स्वतःच्या हातांनी तोडून सरपणाला घातली. त्या उन्हाळ्यात एका गावी आमचे कीर्तन होते. गावाचे नाव लिहीत नाही. कीर्तन झाल्यावर एक शेतकरी येऊन बसला. म्हणाला, "महाराज, झोप येत नाही. पहाटे तीनला जाग येते आणि छातीत धडधड होते. कशातच मन लागत नाही." आम्ही काय केले? हसलो. म्हणालो, "अरे, मन रिकामे असले की असेच होते. रोज अकरा हरिपाठ कर, माळ ओढ, पळून जाईल सगळे." वर दोन दृष्टांत सांगितले. जवळ बसलेली मंडळी हसली, तोही कसनुसा हसला आणि उठून गेला.

आठ दिवसांनी कळले की त्याने जिवाचे बरेवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला. मेव्हणा वेळेवर आला म्हणून पांडुरंगाने राखला. पुढे सरकारी दवाखान्यात त्याला नेले, औषधपाणी झाले, काही महिन्यांनी तो पुन्हा माणसांत आला. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्याने चहा दिला, पाया पडला, आणि एवढेच म्हणाला, "महाराज, मी सांगायला आलो होतो, तुम्हीच सांगत बसलात."

वाचकहो, पाठशाळेत गुरुजींनी वेताच्या छडीने जे शिकवले नसेल, ते या एका वाक्याने शिकवले. परत येताना सबंध वाटेत आमच्या डोळ्यांपुढे गीतेचा पहिला अध्याय होता. तो अध्याय आम्ही शेकडो वेळा म्हटला असेल, पण त्या दिवशी तो प्रथम वाचला म्हणा ना!

त्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. अर्जुनाची अवस्था व्यासांनी कशी वर्णिली आहे ते पाहा: गात्रे ढिली पडली, तोंड कोरडे झाले, अंगाला कंप सुटला, त्वचेची आग होऊ लागली, मन भोवंडले, हातातले गांडीव गळून पडले, उभे राहवेना. एखाद्या वैद्याने रोग्याजवळ बसून टिपून घ्यावे, तसे हे वर्णन आहे. आणि भगवंत काय करतात? त्या अध्यायात भगवंतांच्या तोंडी अर्ध्या श्लोकाहून अधिक काही नाही, आणि तेही अर्जुन खचण्यापूर्वीचे. त्यानंतर अर्जुन बोलतो आहे, चुकीचे बोलतो आहे, अर्धवट धर्मशास्त्र सांगतो आहे, रडतो आहे. भगवंत मध्ये एक अक्षर काढीत नाहीत. सर्वज्ञ तो! त्याला पहिल्या शब्दालाच उत्तर देता आले नसते काय? पण तो रथ हाकणारा सारथी घोड्यांचे लगाम हाती धरून ऐकत राहिला. अर्जुन पूर्ण रिता होऊन खाली बसला, तेव्हा दुसऱ्या अध्यायात त्याने तोंड उघडले. सातशे श्लोकांची गीता, पण तिच्या आधी हे ऐकणे आहे. आम्ही कीर्तनकार मात्र समोरच्याचा पहिला श्लोक संपायच्या आत अठरावा अध्याय सुरू करतो.

आता मुक्ताईकडे चला. तीसुद्धा दाराबाहेर उभी आहे. घाई नाही. ताटी म्हणजे काय हो, काड्याकुडांचे झापच ते! चार माणसे बोलावून ढकलले असते तर मोडले असते. तिने ढकलले नाही. शेजारपाजार गोळा केला नाही. कोण बोलले, काय बोलले, याची चौकशी करून उलट भांडायला गेली नाही. आत बसलेल्याला "एवढ्याशाने रुसतोस?" असे हिणवले नाही. तो कोण आहे याची त्याला आठवण दिली, मायेने दिली, पुन्हा पुन्हा दिली. आणि उघडेपर्यंत ती तेथून हलली नाही. वयाने सगळ्यांत धाकटी असून घरातले मोठेपण त्या घटकेला तिने घेतले. आमच्याकडे रीत अशी की घरात कोणी खचले तर थोरल्यांनी बोलावे, धाकट्यांनी गप्प राहावे. आणि बाईमाणसाने तर आत चूल सांभाळावी. मुक्ताईने ती रीत पाळली असती, तर ती ताटी कोणी उघडली असती?

आपल्या घरांतल्या ताट्या काड्यांच्या नसतात. एखाद्या घरी ती दारूची असते. कोणी हसत हसत बाहेर हिंडतो आणि घरात आला की मुका होतो. कोणी बाई सकाळपासून रात्रीपर्यंत राबते, शेणगोठा करते, खुरपायला जाते, सगळ्यांचे करते. तिच्या तोंडावर ताटी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिचे काम कुठे अडलेले नसते.

हे लिहिताना लपवून काय उपयोग? आमच्याच घरी हे झाले आहे. थोरला मुलगा वेगळा निघाला, तेव्हा आम्ही सप्त्याच्या गडबडीत होतो. चैत्रात एक गाव, वैशाखात दुसरे. कुटुंबाने काही म्हटले नाही, म्हणून आम्हांला वाटले की तिला काही वाटले नाही. वर्षभराने एके रात्री ती म्हणाली, "अहो, तुम्ही गावाला रडवता, गावाला हसवता. घरी आलात की उशाशी पंचांग घेऊन झोपता. माझं लेकरू वेगळं निघून वर्ष झालं, तुम्ही एकदा तरी विचारलंत का?" यावर काय शास्त्रार्थ करणार? उठून बसलो. त्या रात्री आम्ही फारसे बोललो नाही, तीच बोलली. पहाटे काकड्याची वेळ झाली तरी तिचे संपले नव्हते. त्या दिवशी काकडा चुकला. पांडुरंगाने तो मांडून ठेवला असेल तर ठेवो.

आणि याच जातीची आमची दुसरी चूक म्हणजे जिजाईची थट्टा. तुकोबारायांचे चरित्र सांगताना कीर्तनकार आवलीचा आवाज काढतात, लोकांना हसवतात. आम्हीही काढला आहे. पण शके १५५१-५२ चा तो दुष्काळ आठवा. दुकान बुडाले, थोरली बायको अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला, बुवांचे मन संसारातून उठले. भंडाऱ्याच्या डोंगरावर ते एकान्ती बसू लागले. त्या उन्हात भाकरी बांधून डोंगर चढणारी कोण? जिजाई. ती बडबडत चढत असेल, पण चढत होती ना? घरात दाणा नाही, पदरात पोरे, आणि मालक डोंगरावर. अशा बाईला बोलण्याचा अधिकार नसेल तर कोणाला आहे? तिची बडबड म्हणजे तिची उघडी ताटी होती. जी बायको भांडते आहे, तिला अजून घराची आशा आहे. ती गप्प झाली की मात्र सावध व्हावे. आता आम्ही तो आवाज काढीत नाही. लोक कमी हसतात, हसोत.

भांडणाची गोष्ट निघाली म्हणून स्पष्ट सांगतो. बोलाचाली होणे निराळे आणि हात उगारणे निराळे. शिऊरच्या संत बहिणाबाई आपल्याच मुलुखातल्या. शके १५५० चा त्यांचा जन्म. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला, त्याआधी पैठण, शिऊर, अंबड हे सगळे एकाच जिल्ह्यात होते. लहानपणी तीस वर्षांच्या बिजवराशी त्यांचे लग्न झाले. भजन-कीर्तनाचा ध्यास लागला म्हणून नवऱ्याने मारले, बांधून घातले. हे आपण कोणाच्या तोंडून ऐकले? त्यांच्याच. स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी ते सांगून ठेवले आहे. पुढे पती आजारी पडला, त्याला पश्चात्ताप झाला, संसार सावरला, हे खरे. पण त्या कथेवरून "सोसावे म्हणजे सुधारतो" असा उपदेश कीर्तनात करणारे आम्ही ऐकले आहेत. आम्हांला तो मान्य नाही. बहिणाबाईंनी मार लपवून ठेवला नाही, हे त्यातून घ्यावे. आज तर घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ सालचा कायदाच आहे. गळ्यात तुळशीची माळ आणि घरी जाऊन बायकोवर हात, अशा वारकऱ्याची वारी कोणत्या खात्यावर जमा होते, ते त्यानेच विठोबाला विचारावे.

बापलेकांचेही एक सांगू द्या. आमच्याकडे वाटणीच्या वेळी बांधावरून जी भाषा होते, ती वेगळी सांगणे नलगे. पैठणला नाथमहाराजांच्या घरी तरी काय होते? हरिपंडित मोठे संस्कृत विद्वान. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कोणाच्याही घरी जेवतात, हे त्यांना मानवेना. रागावून ते काशीस निघून गेले. शांतिब्रह्म म्हणून ज्यांची ख्याती, त्यांचा मुलगा रुसून गेला! म्हणजे घरात रुसवा येणे हे घराण्याला बट्टा लागणे नव्हे, एवढे तरी समजावे. नाथ त्याला आणायला गेले. मुलाने दोन अटी घातल्या: प्राकृत पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी मान्य केल्या. आम्ही संस्कृत शिकलेलो, म्हणून हरिपंडितांच्या बाजूचे थोडे आम्हांला कळते. विद्येचा ताठा कसा चढतो ते आम्ही जाणतो. पण नाथांचे वागणे पाहा. व्यासपीठ त्यांच्या हातचे होते, सारे पैठण त्यांचे श्रोते होते, तरी त्यांनी तेथून मुलाला एक शब्द लावला नाही. पुराणाची जागा त्याला दिली आणि आपण गप्प बसले. श्रोते हळूहळू कमी झाले ते मुलाने स्वतःच पाहिले. पुढे सहस्रभोजनाच्या नवसाची ती कथा घडली आणि मुलाचे डोळे उघडले, ते आपणास ठाऊक आहे. पण त्या कथेच्या आधीचे जे गप्प बसणे आहे, ते आम्हांला चमत्काराहून अवघड वाटते. आमचा थोरला वेगळा निघाला तेव्हा आम्ही दोन गावांच्या कीर्तनांत त्याच्यावर टोमणे मारले होते. नाव घेतले नाही, पण सगळ्यांना कळले, त्यालाही कळले. अजून तो दसऱ्याला सोने द्यायला येतो, पण उंबऱ्यातूनच परत जातो.

आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, जांब गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म तेथला, शके १५३०. मांडवातून नारायण निघून गेला आणि चोवीस वर्षांनी घरी आला, तोवर राणूबाई मातेची दृष्टी रडून रडून गेली होती, असे परंपरा सांगते. समर्थांचे कार्य सर्वांना वंद्य आहे. आम्ही वारकरी असलो तरी जांबेच्या देवळात मस्तक ठेवतो. परंतु त्या ओसरीवर आम्हांला दर वेळी आठवते ती ती माउली. आज आपल्याकडची पोरे पुण्याला, संभाजीनगरला कंपनीत जातात. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मागे म्हातारी आणि नातवंडे राहतात. फोन सगळ्यांच्या खिशात आहे. पण फोन करून पोरगा विचारतो काय? "पाऊस पडला का? पैसे मिळाले का?" म्हातारी म्हणते, "हो." संपले बोलणे. "माय, तुला झोप लागते का?" असे विचारणारा पोरगा आम्ही अजून ऐकला नाही.

असो. आता त्या बाईचे उत्तर. आम्ही त्या रात्री तिला एवढेच म्हणालो होतो की उद्या सकाळी घरी येतो. पालखी पुढे निघाली, आम्ही मागे राहिलो. गेलो. तो गृहस्थ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. उपदेश करायचा नाही, असे वाटेतच स्वतःला बजावले होते. बाजूला बसलो. बाईने चहा ठेवला, तो निवून गेला. अर्धा तास गेला असेल. मग आम्ही विचारले, "रात्री झोप लागते का?" तो म्हणाला, "नाही." बस्स, एवढीच ताटी किलकिली झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला आणि मग कर्जाचे, सोयाबीनच्या भावाचे, धाकट्या भावाने धुऱ्यावरून तोडलेल्या लिंबाच्या झाडाचे, एकेक निघत गेले. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "महाराज, जगावंसं वाटत नाही." असे कोणी म्हणाले तर दचकून "छे छे, असे बोलू नये" म्हणून त्याचे तोंड बंद करू नये, हे आता आम्हांला कळले आहे. आम्ही विचारले, "कधीपासून?" त्याने सांगितले. विचारल्याने ते वाढले नाही. उलट सांगून झाल्यावर तो रडला आणि त्या रात्री थोडा झोपला.

त्याच दिवशी घरातले फवारणीचे औषध आम्ही त्याच्या मेव्हण्याकडे, दुसऱ्या गावी, कुलपात ठेवायला दिले. ही गोष्ट आमच्या शेतकरी वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी: ते औषध राहत्या घरात, खाटेखाली, माळवदावर ठेवू नये. खचलेल्या माणसाची ती वाईट घटका पुष्कळदा थोड्याच वेळात टळून जाते. त्या घटकेला हाताशी काही नसावे आणि जवळ कोणीतरी असावे.

मग जालन्याच्या सरकारी रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे त्याला घेऊन गेलो. नेताना घरातल्या म्हाताऱ्यांनी मोडता घातला. "वेडा ठरवता का आमच्या पोराला? देवर्षी बघू, उतारा करू." आम्ही म्हणालो, "बाबा, चरकाचार्यांनी शरीराचे वात, पित्त, कफ हे दोष सांगितले, तसेच मनाचे रज आणि तम हे दोष सांगितले. म्हणजे मन आजारी पडते, हे आपल्याच शास्त्राने सांगून ठेवले आहे. पोटात दुखले तर डॉक्टरकडे नेता, मग मनाने काय पाप केले?" संस्कृतचा एवढा उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच झाला असेल. म्हातारे गप्प बसले.

ज्यांना दवाखान्यापर्यंत जाणे घडत नाही, त्यांनी १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवावा. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने ही टेलिमानस नावाची सोय सुरू केली आहे. रात्री-अपरात्री फोन केला तरी चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, आणि घरच्या माणसानेही सल्ला विचारला तरी चालतो. दुसरी एक भीती लोकांच्या मनात असते ती पोलिसांची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा प्रसंगातून वाचलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेला मानावे आणि त्याची काळजी शासनाने घ्यावी, असे ठरवले आहे. तेव्हा लपवून ठेवून उशीर करू नये.

मग भजनाचे काय, वारीचे काय, असे आमचेच टाळकरी आम्हांला विचारतात. "महाराज, तुम्ही डॉक्टरचे कीर्तन करू लागलात!" त्यांना आमचे सांगणे असे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग्याला सुद्धा आहार, विहार, झोप आणि जागरण मापात ठेवायला सांगितले आहे. जेथे योगी सुटला नाही तेथे आपण कोण? वारीत काय होते? पहाटे उठणे, दिवसभर चालणे, वेळेवर चार घास, रात्री दमून झोप, आणि सबंध दिवस माणसांत. जो घरी कोणाशी बोलत नाही, त्याच्याही दिंडीत दहा जण पाया पडतात. टाळ हातात असला की हात रिकामे राहत नाहीत, आणि सूर लागला की श्वास आपोआप लांबतो. नाम हे औषधाच्या जागी घ्यायचे नाही, औषधाबरोबर घ्यायचे. वारीत निघाले म्हणून गोळ्या घरी ठेवून येणारे आम्ही पाहिले आहेत, ते करू नये. साखरेच्या आजाराच्या गोळ्या पिशवीत घेता ना, तशाच याही घ्याव्यात.

दिंडीच्या विणेकऱ्यांना आणि चोपदारांनाही एक विनंती आहे. कोण मागे राहिला, कोणाचे पाय सुजले, हे आपण पाहताच. कोण गेल्या वर्षी मोठ्याने गात होता आणि यंदा नुसते ओठ हलवतो आहे, तेही पाहावे. मुक्कामावर त्याच्याशेजारी आपली पथारी टाकावी. बोलला तर ऐकावे. नाही बोलला तर निजावे.

यंदा पालखी पुन्हा आली. अंबडच्या मुक्कामी ती बाई भेटली, बरोबर तो गृहस्थ होता. औषध चालू आहे म्हणाली. धाकट्या भावाशी अजून बोलणे नाही, पण यंदा नांगराला त्याचाच ट्रॅक्टर आला होता. तो स्वतः फार बोलला नाही. आमच्या पिशवीचा बंद तुटला होता, तो त्याने गाठ मारून दिला. दुसऱ्या दिवशी तो दिंडीत मागच्या ओळीत चालला, टाळ न वाजवता, नुसता. शहागडला गोदेच्या पुलापर्यंत आला. तेथे पालखीला हात जोडले आणि म्हणाला, "महाराज, परवा पाऊस झालाय, पेरणी राहिलीय. पुढच्या वर्षी पंढरपूरपर्यंत येतो." आणि अंबडच्या गाडीत बसून परत गेला.